बंपरमागचा झरोका

(मोटारीत हवा कोठून येते हे आपल्याला दिसते. ती कोठून बाहेर जाते हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मोटारीच्या मागच्या बंपरआड लपलेल्या एका लहानशा भागाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, किराणा दुकानदार गोडेतेलाचा पत्र्याचा डबा कसा फोडतो हे तुम्ही कधी पाहिले आहे का? तो डब्याला एकच भोक पाडून थांबत नाही. एका कोपऱ्यात एक भोक पाडतो आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे. एकच भोक असेल तर तेल गुडगुड आवाज करत, थांबत थांबत पडते. दुसरे भोक पाडले की लगेच छान धार लागते. कारण उघड आहे. डब्यातून जेवढे तेल बाहेर पडते, तेवढी हवा आत जायला हवी. तिला वाट मिळाली नाही, तर तेलालाही बाहेर पडता येत नाही.

आता हाच डबा उलट करून पाहू. म्हणजे असे समजा, की डब्यातून काही काढायचे नसून त्यात हवा भरायची आहे, तीही सतत, तासन्‌तास. मोटारीत असेच घडते. तुम्ही मोटारीत बसला आहात, बाहेर पाऊस आहे आणि सगळ्या काचा वर केलेल्या आहेत. समोरच्या डॅशबोर्डवरील जाळीतून गार हवा तुमच्या तोंडावर येते. ती हवा एक पंखा आत ढकलत असतो. या पंख्याला ब्लोअर म्हणतात. आता मला सांगा, ही हवा पुढे कोठे जाते? काचा तर बंद आहेत. दरवाजांना रबर बसवलेले आहे. मग आत आलेली हवा साठत साठत जाते की काय?

हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. मोटार चालवणाऱ्यांनासुद्धा विचारला आहे. बहुतेक जण थोडे थांबतात, हसतात आणि म्हणतात, "जात असेल कुठल्या तरी फटीतून!" मीही पूर्वी असेच म्हणालो असतो. पण एका पावसाळ्यात कसारा घाटाने मला खरे उत्तर शिकवले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मालेगावच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होतो. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी एक लहान मोटार विकत घेतली होती. मोटार जुनी होती, पण रंगरंगोटी करून नव्यासारखी दिसत होती. तिला पूर्वी कोणीतरी मागून धडक दिली होती. विकणाऱ्याने एका गॅरेजमध्ये तिचा मागचा पत्रा सरळ करून घेतला होता आणि नवा बंपर बसवला होता. सरांना गाडी फार आवडली. एकच तक्रार होती. दरवाजा लावताना तो जोरात आपटावा लागे. हळू लावला तर नीट लागतच नसे. सर म्हणत, "कुलूप जुने झाले असेल."

जुलै महिन्यात आम्ही चौघे शिक्षक एका लग्नासाठी भिवंडीला निघालो. मालेगावला आकाश कोरडे होते. नाशिकपर्यंत काचा खाली करून आम्ही मजेत गेलो. इगतपुरीजवळ पावसाने गाठले, म्हणून सगळ्या काचा वर केल्या. कसारा घाट उतरू लागलो आणि समोरची काच आतून पांढुरकी होऊ लागली. सरांनी ब्लोअर पूर्ण वेगाने सुरू केला. पंख्याचा आवाज तर मोठा येत होता, पण जाळीसमोर हात धरला तर हवा अगदी मंद लागत होती. वायपर काचेची बाहेरची बाजू पुसत होते आणि वाफ तर आतल्या बाजूला होती. मी रुमालाने काच पुसत होतो. पुसलेली जागा मिनिटभरात पुन्हा धूसर होत होती.

एका वळणावर त्या धुरकट काचेत एकदम दोन लाल ठिपके दिसले. ते एका उभ्या ट्रकचे मागचे दिवे होते. सरांनी ब्रेक दाबला. आमची मोटार ट्रकपासून दोन हातांवर येऊन थांबली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आम्ही काचा खाली केल्या आणि भिजत भिजतच घाट उतरलो. कसाऱ्याला चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा सरांच्या हातातील कप थरथरत होता.

मालेगावला परतल्यावर सर गाडी घेऊन एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होतो. या मिस्त्रींना सगळे 'चाचा' म्हणत. सरांनी घाटातील हकिगत सांगितली. चाचांनी बोनेट उघडलेच नाही. त्यांनी चारही काचा वर केल्या आणि चालकाचा दरवाजा हळूच ढकलला. तो लागला नाही. मग त्यांनी एक काच चार बोटे खाली केली आणि दरवाजा तितक्याच हळू ढकलला. या वेळी तो अलगद लागला.

"चाचा, कुलूप बदलावे लागेल का?" सरांनी विचारले.

"कुलूप चांगले आहे, सर. गाडीचा दम कोंडला आहे," चाचा म्हणाले. "श्वास आत घेते, पण सोडायला जागा नाही. बंपर काढून बघू या."

बंपर निघाला. डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात पत्र्याला वहीच्या अर्ध्या पानाएवढी चौकोनी जागा होती. दोन्ही जागांवर कोणीतरी सांधे बंद करण्याचा काळा मसाला जाड लिंपून टाकला होता. धडकेनंतर पत्रा सरळ करणाऱ्या कारागिराला ती भोके निरुपयोगी वाटली असावीत. पाणी आत जाऊ नये म्हणून त्याने ती बुजवून टाकली. त्याचा हेतू चांगला होता. पण त्या चांगल्या हेतूने आम्ही चौघे ट्रकखाली जाता जाता वाचलो होतो!

चाचांनी मसाला खरवडून काढला. आत प्लॅस्टिकची एक चौकट निघाली. तिच्यावर खिडकीच्या झडपांसारखी रबराची पातळ पाने एकाखाली एक लोंबत होती. मोटारीतील वापरलेली हवा बाहेर सोडणारा हाच तो झरोका. उर्दूत तुम्ही 'रोशनदान' म्हणता ना? घराच्या भिंतीत उंचावर ठेवलेली ती लहान खिडकी उजेड देते, तशी खोलीतील गरम हवाही बाहेर सोडते. मोटारीचे हे रोशनदान मात्र उजेडासाठी नाही, आणि ते उंचावर नसून खाली, बंपरआड असते. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. 'हवा' हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत इतका रुळला, की मराठी माणसाला तो परका वाटतच नाही. त्यामुळे या पाठातील सर्वांत महत्त्वाचा शब्द तुम्हाला नव्याने शिकावा लागणार नाही.

आता हवेचा सारा प्रवास नीट पाहू. मोटारीच्या पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जवळ, काळी जाळी असते. बाहेरची ताजी हवा तेथून आत शिरते. ब्लोअर तिला डॅशबोर्डच्या जाळ्यांतून आत सोडतो. मग ती हवा पुढच्या माणसांच्या तोंडावरून, मागच्या माणसांच्या पायांजवळून, मागच्या आसनाच्या कडेने डिकीत जाते. डिकीच्या बाजूला जो कापडी किंवा पुठ्ठ्याचा पडदा बसवलेला असतो, त्याच्यामागे ती शिरते. तेथे पत्र्यात ही चौकट असते. रबराची पाने थोडी उचलून हवा बाहेर पडते, बंपर आणि पत्रा यांच्यामधील पोकळीत येते आणि खालच्या बाजूने निघून जाते. पुढून आत, मागून बाहेर, अशी ही वाट आहे. ती कोठेही अडली, की पुढच्या जाळीतील वारा मंदावतो. ब्लोअर कितीही जोरात फिरला तरी उपयोग होत नाही. तेलाच्या डब्याचे दुसरे भोक बंद झालेले असते.

येथे तुमच्या मनात प्रश्न येईल, की हा झरोका मागेच का? छपरावर किंवा दरवाजात का नाही? याचे उत्तर तुम्ही रस्त्यावर पाहिलेले आहे. कच्च्या रस्त्यावरून एस.टी. बस गेली, की तिच्या पुढच्या काचेपेक्षा मागच्या काचेवर जास्त धूळ बसते. बस हवेला कापत पुढे जाते. पुढच्या भागावर हवा आपटते, म्हणून तेथे दाब वाढतो. बस पुढे सरकली की तिच्यामागे जागा रिकामी होते. ती भरण्यासाठी हवा भोवऱ्यासारखी फिरत येते. तेथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून धूळ त्या भोवऱ्यात ओढली जाते आणि मागच्या काचेवर बसते. मोटारीचेही असेच आहे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी दाब जास्त, म्हणून हवा घ्यायची ती तेथून. मागे दाब कमी, म्हणून हवा सोडायची ती तेथे. मोटार धावू लागली की वारा आपोआप एका बाजूने ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने ओढतो. ब्लोअरचे निम्मे काम रस्ताच करतो, असे म्हटले तरी चालेल.

पण मागे नुसते भोक ठेवून चालले नसते. जो भोवरा बसची धूळ ओढतो, तोच मोटारीची धूळ, चिखल आणि सायलेन्सरमधून निघणारा धूरही मागच्या बाजूला ओढतो. उघड्या भोकातून हे सारे आत आले असते. रस्त्याचा आवाजही आला असता. म्हणून तेथे रबराची पाने बसवलेली असतात. आतून हवेचा जोर लागला की ती उघडतात. जोर थांबला की स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि चौकटीला चिकटतात. बाहेरून जोर लागला तर ती आणखी घट्ट मिटतात. म्हणजे हवेला जाता येते, येता येत नाही. अशी एकाच दिशेने उघडणारी झडप तुमच्या छातीतही आहे. हृदयातील झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्हही हेच काम करतो. तो हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, एवढाच फरक.

आणि बंपर? तो या झरोक्याचा पडदा आहे. पावसाचे पाणी, चाकांनी उडवलेला चिखल आणि गाडी धुताना मारलेला पाण्याचा फवारा यांपासून तो रबराच्या पानांना वाचवतो. शिवाय हा भाग दिसायला काही सुंदर नसतो. तो झाकला गेला तर बरेच! मात्र झाकला गेल्यामुळेच आपण त्याला विसरतो आणि कधीतरी एखादा कारागीर त्यावर मसाला लिंपतो.

आता थोडे गणित करू. कंटाळू नका, गणित सोपे आहे. शांत बसलेला माणूस दर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड वायू श्वासावाटे बाहेर टाकतो. मोटारीत ५ माणसे असतील तर मिनिटाला १ लिटर झाला. लहान मोटारीच्या आतली जागा साधारण ३,००० लिटरची धरा. सगळ्या वाटा पूर्ण बंद असतील, तर अर्ध्या तासात ३० लिटर कार्बन डायऑक्साइड साठेल. म्हणजे आतल्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा १ होईल. बाहेरच्या हवेत ते शेकडा ०.०४ च्या आसपास असते. म्हणजे अर्ध्या तासात सुमारे २५ पट! अशा हवेत माणूस लगेच बेशुद्ध पडत नाही. पण डोके जड होते, जांभया येतात, झोप येऊ लागते. मागे बसलेल्या मुलाला झोप आली तर बिघडत नाही. चालकाला आली तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

श्वासाबरोबर पाण्याची वाफही बाहेर पडते. पावसात मोटारीची काच थंड झालेली असते. वाफ तिच्यावर बसून तिचे बारीक थेंब होतात. हिवाळ्यात आरशावर फुंकर मारली की तो धूसर होतो, तसेच हे आहे. ताजी हवा सतत येत-जात असेल तर ही वाफ तिच्याबरोबर निघून जाते. कसारा घाटात आमची वाफ कोठेच जाऊ शकत नव्हती. चार माणसांचे श्वास त्या काचेवर जमत होते.

दरवाजाचे कोडेही आता सुटेल. दरवाजा हा एका अर्थाने मोठा पंखाच आहे. तो बंद होताना आपल्याबरोबर हवा आत ढकलतो. बाहेर जायला वाट नसेल, तर आतला दाब क्षणभर वाढतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. समजा, आतला दाब त्याच्या फक्त हजाराव्या भागाने, म्हणजे १०० पास्कलने वाढला. दरवाजाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरले, तर त्या दरवाजावर आतून १०० न्यूटन बल लागेल. हे बल साधारण १० किलोग्रॅम वजनाएवढे होते. म्हणजे जणू कोणी आतून दहा किलोची पिशवी दरवाजाला टेकवून उभे आहे! जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही जुनी मोटार घट्ट बांधणीबद्दल प्रसिद्ध होती. तिचा दरवाजा लावताना एखादी काच थोडी खाली ठेवा, असे लोक एकमेकांना सांगत. आमच्या चाचांनी हीच युक्ती करून रोग ओळखला होता. झरोका मोकळा असेल, तर दरवाजा लावताच रबराची पाने फडकन उघडतात आणि जास्तीची हवा निघून जाते. कानात दडा बसत नाही आणि दरवाजाही आपटावा लागत नाही.

पूर्वीच्या मोटारींना असे झरोके नव्हते का, असे तुम्ही विचाराल. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी तुमच्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवत असेल. ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर धावायची थांबली. तिच्या पुढच्या दरवाजांना एक लहान तिकोनी काच असे. ती फिरवली की वारा थेट अंगावर येई. अँबॅसडर मोटारीलाही अशी काच होती. त्या काळी वारा घेण्याचे आणि सोडण्याचे काम काचांचेच होते. पाऊस आला की काचा बंद, आणि काचा बंद झाल्या की जीव घाबरा होई.

काचा न उघडता हवा खेळती ठेवण्याची सोय इंग्लंडमध्ये फोर्ड कंपनीने १९६४ साली आपल्या 'कोर्टिना' मोटारीत केली. तिला 'एअरोफ्लो' असे नाव दिले होते. डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना असलेल्या गोल जाळ्यांतून हवा येई आणि मागच्या काचेशेजारच्या खांबांवरील जाळीतून बाहेर जाई. त्या वेळी ही जाळी उघडपणे दिसत असे आणि कंपनी ती अभिमानाने दाखवत असे. पुढे बंपर बदलले. आधी बंपर म्हणजे चकचकीत पोलादी पट्टी असे. तिच्यामागे काही लपवण्याजोगे नव्हते. फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९७२ साली आणलेल्या 'रेनो ५' या लहान मोटारीला प्लॅस्टिकचे बंपर होते. तसे रुंद, प्लॅस्टिकचे बंपर हळूहळू सगळीकडे आले. त्यांच्याआड भरपूर जागा मिळाली आणि अनेक मोटारींचा झरोका खांबावरून उतरून तेथे जाऊन बसला.

मित्रांनो, मागच्या बाजूची फट साधी नसते, हे आणखी एका खऱ्या घटनेवरून दिसते. अमेरिकेत फोर्ड कंपनीची 'एक्सप्लोरर' ही मोठी मोटार पोलीस खात्यात फार वापरली जाते. तिच्यात धुराचा वास येतो, डोके दुखते, अशा तक्रारी येऊ लागल्या. जुलै २०१६ मध्ये तेथील वाहन सुरक्षेच्या सरकारी खात्याने चौकशी सुरू केली. जुलै २०१७ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या सुमारे ४०० एक्सप्लोरर मोटारी रस्त्यावरून काढून घेतल्या. भीती होती ती कार्बन मोनॉक्साइड या वायूची. हा वायू इंजिनाच्या धुरात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही आणि माणसाला काही कळण्यापूर्वीच तो बेशुद्ध होऊ शकतो.

कंपनीने मोटारी विनामूल्य तपासून दिल्या. गाडीच्या मागच्या भागातील सांधे आणि फटी बंद केल्या आणि आत अधिक ताजी हवा येईल अशी वातानुकूलन यंत्रणेत दुरुस्ती केली. चौकशी जानेवारी २०२३ मध्ये संपली. साध्या मोटारींत धोकादायक प्रमाणात हा वायू आढळला नाही, असे त्या खात्याने म्हटले. जास्त प्रमाण आढळले ते काही पोलिसी मोटारींत. त्यांवर दिवे आणि इतर साधने बसवण्यासाठी नंतर पाडलेली भोके नीट बुजवलेली नव्हती! येथे तुम्ही गोंधळाल. मालेगावच्या गाडीत भोक बुजवले म्हणून संकट आले आणि अमेरिकेत भोके बुजवली नाहीत म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झरोका आणि भोक यांत फरक आहे तो रबराच्या त्या पातळ पानांचा. साधे भोक दोन्हीकडून उघडे असते. झरोका एकाच बाजूने उघडतो. शिवाय ताजी हवा पुढून भरपूर येत असेल, तर मोटारीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि धूर आत येण्याऐवजी आतली हवाच बाहेर ढकलली जाते.

या झरोक्याचे स्वतःचेही आजार असतात. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत सुके पान किंवा काडी घुसते आणि रबराच्या पानात अडकते. मग ते पान उघडेच राहते आणि डिकीतून धुळीचा वास येऊ लागतो. काही वर्षांनी रबर कडक होते आणि वाकडे होते. चौकटीभोवतीचे रबर सुकले तर पावसाचे पाणी डिकीत झिरपते आणि सुट्या चाकाच्या खळग्यात साचते. लोक मागच्या दरवाजाचे रबर बदलत राहतात, पण गळती थांबत नाही, कारण पाणी दुसरीकडूनच येत असते. डिकीत गाद्या, गाठोडी ठासून भरली तरी हवेची वाट आतूनच अडते. आणि हो, डॅशबोर्डवर बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवणारे एक बटण किंवा दांडी असते. धुरकट रस्त्यावर थोडा वेळ तिचा उपयोग होतो. लांबच्या प्रवासात ती तशीच ठेवली, तर झरोका मोकळा असूनही नवी हवा पुरेशी येत नाही.

आमच्या सरांच्या गाडीची रबरी पाने मसाल्याने इतकी चिकटली होती, की ती सुटता सुटता फाटली. चाचांनी भंगारात निघालेल्या तशाच एका मोटारीच्या दोन चौकटी शोधून आणल्या. साबणाच्या पाण्याने त्या धुतल्या. सरांनी थोडे तेल लावू का, असे विचारले, तर चाचा म्हणाले, "नको सर, तेलाने रबर फुगते. विज्ञान तुम्ही शिकवता, आणि हे मी सांगायचे?" सर मनापासून हसले. चौकटी बसवल्यावर चाचांनी लगेच बंपर लावला नाही. चारही काचा वर करून त्यांनी ब्लोअर सुरू केला आणि आम्हाला मागे बोलावले. रबराची काळी पाने एका ओळीत हळूहळू उचलली गेली. मी तेथे तळहात धरला. गाडीच्या आतली ऊबदार हवा हाताला लागत होती. सरांनी पुढे जाऊन दरवाजा एका बोटाने ढकलला. तो 'टप्‌' असा हलका आवाज करून लागला, आणि त्याच क्षणी ती पाने एकदा जोरात फडफडली.

स्वाध्याय

१. गोडेतेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोके का पाडतो?
२. कसारा घाटात मोटारीची काच आतून धूसर का झाली? तुमच्या शब्दांत सांगा.
३. चाचांनी बोनेट न उघडता गाडीतील बिघाड कसा ओळखला?
४. 'झरोका' आणि 'भोक' यांतील फरक तीन-चार वाक्यांत लिहा.
५. दम कोंडणे, जीव घाबरा होणे, धार लागणे, कानात दडा बसणे या वाक्प्रचारांचा उपयोग करून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
६. हवा, दरवाजा, पडदा हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी शब्द या पाठातून शोधून काढा.
७. घरच्या किंवा ओळखीच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन एखाद्या उभ्या मोटारीचा दरवाजा आधी सर्व काचा बंद ठेवून आणि नंतर एक काच उघडी ठेवून लावून पाहा. काय फरक जाणवला ते वहीत लिहा.